तेरा गाणी आणि तुमची भांडणं

मागच्या अंकात २०२४ मधली माझी आवडती तेरा सिंगल्स लिहिली होती, पॉप, रॅप, रॉक सगळं एकाच पातेल्यात, तेव्हा संपादक म्हणालेले की सांगलीत हे वाचतंय कोण. आता बघा म्हणावं. चिठ्ठ्या आल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोटा आल्या, आणि मी शंभर फुटी रोडवर पंक्चर काढायला थांबलेलो तर एक भाऊ हातात हवेचा पाइप तसाच धरून माझ्याशी भांडला, केंड्रिक तिसरा कसा म्हणून. त्याचा प्रश्न खाली घेतलाय.

ज्यांनी तो अंक रद्दीत घातला त्यांच्यासाठी यादी परत एका दमात सांगतो, माझ्या क्रमानं: चॅपल रोनचं 'गुड लक, बेब!', हनुमानकाइंडचं 'बिग डॉग्स', केंड्रिक लमारचं 'नॉट लाइक अस', द क्युअरचं 'अलोन', सॅब्रिना कार्पेंटरचं 'एस्प्रेसो', संजू राठोडचं 'गुलाबी साडी', फाँटेन्स डी.सी.चं 'स्टारबर्स्टर', चार्ली एक्ससीएक्स आणि लॉर्डचं 'गर्ल, सो कन्फ्युजिंग', बिली आयलिशचं 'बर्ड्स ऑफ अ फेदर', शबूझीचं 'अ बार साँग', क्रेटेक्स आणि श्रेयसचं 'तांबडी चामडी', लिंकिन पार्कचं 'द एम्प्टिनेस मशीन', आणि शेवटी रोझे आणि ब्रुनो मार्सचं 'एपीटी'. झाली तेरा. आता घ्या प्रश्न.

प्रश्न : दादा, सिंगल म्हणजे नक्की काय? एकटा माणूस गातो ते का? आणि आता कॅसेट नाही सीडी नाही, मग कुठलंही गाणं सिंगलच झालं की. (कॉलेजवाला, कराड)

एकट्यानं गाण्याशी संबंध नाही भावा. पूर्वी छोटी तबकडी यायची, सात इंचाची, मिनिटाला ४५ फेरे फिरणारी, एका बाजूला एक गाणं आणि मागं दुसरं, ते सिंगल. पूर्ण अल्बम घ्यायला पैसे नसले तरी पोरं ती घ्यायची. आता तबकडी गेली, शब्द राहिला. अल्बममधलं जे गाणं कलाकार नाहीतर कंपनी वेगळं काढून पुढं ढकलते, त्याचा व्हिडिओ करते, रेडिओला पाठवते, ते सिंगल. कधीकधी अल्बमच नसतो. 'गुड लक, बेब!' एप्रिल २०२४ मध्ये असंच सुटं आलं. आपल्याकडं सिनेमाच्या गाण्यांनी इतकी वर्षं सगळी जागा व्यापलेली की ही सवय आपल्याला उशिरा लागली.

माझी व्याख्या मात्र वेगळी आहे आणि यादी मी तिच्यावरच केली. सांगलीच्या एसटी स्टँडवर संध्याकाळी सहाला उभं राहायचं, तासगाव गाडीची अनाउन्समेंट चालू, भडंगवाला ओरडतोय, शेजारचा माणूस फोनवर ऊसबिलाचं बोलतोय, आणि कुणाच्या तरी फुटक्या मोबाईलमधून गाणं ऐकू येतंय. गाणं कुणाचं, भाषा कुठली, त्याच्या मागं-पुढं काय आहे, काही माहीत नाही. तरी मान वळली तर ते सिंगल. ज्याला समजून घ्यायला आधी मुलाखत वाचायला लागते ते चांगलं गाणं असेलही, पण सिंगल म्हणून नापास.

प्रश्न : 'गुड लक, बेब!' एक नंबरला का? मी ऐकलं, चाल छान आहे पण अर्थ लागला नाही. आणि अजून एक, मी पण ऑर्केस्ट्रात गाते, घरचे म्हणतात बँकेची परीक्षा दे. (२२ वर्षांची, तासगाव)

अर्थ सांगतो. एक मुलगी दुसऱ्या मुलीला म्हणतेय की तुला माझ्याबद्दल जे वाटतं ते तू कबूल करणार नाहीस, पोरं धरशील, लग्न करशील, कर, शुभेच्छा तुला, पण आतलं जे आहे ते काय थांबायचं नाही. त्या 'गुड लक'मध्ये राग आहे, टोमणा आहे, आणि अजून न सुटलेली माया पण आहे, तिन्ही एकदम.

पण मला ते अर्थ कळायच्या आधीच आवडलेलं. भाचीनं स्वयंपाकघरात लावलेलं, कुकरच्या शिट्ट्या चालू, मी बाहेर पेपर वाचत बसलेलो. कोरस आला आणि हिचा आवाज एकदम वरच्या मजल्यावर, जिना न चढताच. पेपर खाली ठेवला. आणि शेवट तर असा की आवाज जड होत जातो, खाली ओढला जातो, ठेका रेंगाळतो, अगदी सेल उतरलेल्या टेपरेकॉर्डरसारखा. मी उठून बघायला गेलो की मोबाईलला काय झालं. भाची हसली, तिनं कधी सेल उतरलेला टेप ऐकलाच नाही, तिला तो इफेक्ट वाटतो, मला आमच्या घरातला १९९४ चा उन्हाळा आठवला. ज्या गाण्यामुळं पंचेचाळिशीचा माणूस पळत स्वयंपाकघरात जातो ते एक नंबरला नाही ठेवायचं तर काय करायचं.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच बाईकडं आहे. चॅपल रोन अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या विलार्ड नावाच्या छोट्या गावची. २०२० मध्ये रेकॉर्ड कंपनीनं काढून टाकलं, तर ती गावी परत गेली आणि खाण्याच्या दुकानात खिडकीवर ऑर्डरी घेत होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमीला सर्वोत्तम नवोदित कलाकार झाली, आणि स्टेजवर जाऊन आभारबिभार मानून झाल्यावर कंपन्यांनाच म्हणाली की नव्या कलाकारांना जगण्यापुरता पगार आणि दवाखान्याचा खर्च द्या. म्हणजे बघ, परीक्षा दे. खरंच दे. पगाराची नोकरी असली की ऑर्केस्ट्रावाल्याला "एवढ्या पैशात येणार नाही" असं म्हणता येतं.

प्रश्न : 'बिग डॉग्स'चा व्हिडिओ बघितला आणि उडालोच, हे तर आमच्या पालच्या जत्रेतलं मौत का कुआँ! हा माणूस कुठला? आणि त्या गाड्या पडत का नाहीत? (कराड तालुका)

बरोब्बर ओळखलं. पण तो कुआँ केरळातल्या पोन्नानीचा आहे. हनुमानकाइंड म्हणजे सूरज चेरुकट, जन्म केरळातल्या मलप्पुरमचा, लहानपणीची बरीच वर्षं अमेरिकेत ह्यूस्टनला, मग परत इकडं, बेंगळुरूत नोकरी केली आणि नोकरी करता करता रॅप. म्युझिक कल्मी नावाच्या प्रोड्युसरचं, व्हिडिओ बिजॉय शेट्टीचा. जुलै २०२४ मध्ये आलं आणि बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या शंभर गाण्यांच्या यादीत २३ नंबरपर्यंत गेलं, आपल्याकडच्या रॅपरसाठी ही साधी गोष्ट नाही. ऑक्टोबरमध्ये ए$एपी रॉकीनं त्याच्यावर स्वतःचं कडवं चढवून रिमिक्स केला.

आता गाड्या का पडत नाहीत. गाडी गोल फिरते तेव्हा भिंत तिला आतल्या बाजूला रेटत असते, जेवढा वेग जास्त तेवढा रेटा जास्त, आणि त्या रेट्यामुळं टायर आणि भिंतीत जे घर्षण होतं ते गाडीचं वजन पेलतं. वेग कमी झाला की रेटा कमी, घर्षण कमी, गाडी खाली. म्हणून तो माणूस वर गेल्यावर थांबू शकत नाही, नोट घेतानाही नाही.

आणि मला वाटतं दिग्दर्शकानं गाणं नीट ऐकून ही जागा निवडलीय. हनुमानकाइंडचं रॅप तसंच आहे, एकदा सुरू झाला की श्वास कुठं घेतो कळत नाही, शब्द भिंतीला चिकटून पळतात, एक जरी अडखळला तर सगळं खाली येईल असं वाटत राहतं. पालच्या जत्रेत मी लहानपणी वरच्या कठड्याला धरून उभा होतो, फळ्या हलत होत्या, वडिलांनी मागून शर्टाची कॉलर धरलेली, तो रॉकेल आणि भंडाऱ्याचा वास अजून नाकात आहे. हे गाणं लागलं की कॉलर कुणीतरी धरलीय असं वाटतं. दोन नंबर.

प्रश्न : महाशय, रॅप हे संगीत नसून ठेक्यावर दिलेल्या शिव्या आहेत. आपल्या यादीत दोन शिवीगाळ करणारे पहिल्या तिनात आहेत. याला अभिरुची म्हणावे काय? (निवृत्त शिक्षक, वाळवा)

गुरुजी, नमस्कार. वाळव्यातनं हा प्रश्न यावा याची मला गंमत वाटली, कारण पठ्ठे बापूराव तुमच्याच तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे आणि अण्णाभाऊ वाटेगावचे. कलगी-तुरा तुम्ही ऐकला असणारच. कलगीवाले शक्तीचे, तुरेवाले शिवाचे, एका फडानं कोडं घालायचं आणि दुसऱ्यानं डफावर थाप मारून तिथल्या तिथं सोडवायचं, सोडवता सोडवता समोरच्याची खिल्ली, त्याच्या गुरूचा उद्धार, आणि पब्लिक रात्रभर हलायचं नाही. तिथं सगळं सोवळ्यातलंच असायचं का? नव्हतं की.

२०२४ मध्ये अमेरिकेत तेच झालं, फक्त डफाच्या जागी कॉम्प्युटर. मार्चच्या शेवटी-शेवटी केंड्रिक लमारनं दुसऱ्यांच्या गाण्यात येऊन ड्रेक या दुसऱ्या रॅपरला डिवचलं. ड्रेकनं जवाब दिला. मग ३० एप्रिलला केंड्रिकचं सहा मिनिटांवरचं गाणं, ३ मेला सकाळी अजून एक, त्या रात्री ड्रेकचा जवाब आला तर तासाभराच्या आत केंड्रिकचं तिसरं तयार, आणि लोक श्वास घेतायत तोवर ४ मेला 'नॉट लाइक अस'. आधीची तीन गाणी काळोखी होती, विचार करायला लावणारी. हे चौथं मस्टर्ड नावाच्या प्रोड्युसरच्या ठेक्यावर, लॉस एंजलिसकडच्या पार्टीत वाजतो तसला उड्या मारायला लावणारा ठेका. म्हणजे समोरच्याला आधी शब्दांत हरवला आणि मग त्याच्या हारण्यावर सगळ्या गावाला नाचवलं. १९ जूनच्या कार्यक्रमात हेच गाणं लागोपाठ वाजवत राहिला आणि लोक दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे ओरडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये या एका गाण्याला पाच ग्रॅमी मिळाले, त्यात वर्षातलं सर्वोत्तम गाणं पण आलं. आणि गुरुजी, याच माणसाला २०१८ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालंय, त्याआधी ते शास्त्रीय आणि जॅझ सोडून कुणाला मिळालं नव्हतं.

शिव्या आहेत. खोटं बोलणार नाही, नातवंडं घरात असतील तर हेडफोन घाला. आणि त्यात ड्रेकवर जे आरोप आहेत ते गाण्यातले आरोप आहेत, कोर्टाचा निकाल नव्हे, त्यानं ते नाकारलेत आणि जानेवारी २०२५ मध्ये गाणं पसरवल्याबद्दल रेकॉर्ड कंपनीवर दावा पण लावला होता. तमाशातल्या सवालावर कुणी दावा लावला नसता एवढा फरक पडला खरा.

प्रश्न : मग एवढं भारी आहे तर तिसरं का? (पंक्चरवाला भाऊ, सांगली)

कारण भांडणाचं गाणं भांडण शिळं झालं की थोडं बसतं. मे महिन्यात विचारलं असतंस तर पहिलं होतं. आता पाइप खाली ठेव.

प्रश्न : मुलाने मला तुमच्या यादीतले 'अलोन' ऐकवले. तीन मिनिटे नुसतेच वाजत आहे, गायक येतच नाही. झोपला होता काय? (सतारीच्या धंद्यातले, मिरज)

काका, हा प्रश्न तुम्ही विचारायचा? सतारमेकर गल्लीत बसून? तुमच्याकडं पंढरपूर भागातनं भोपळा येतो, तो महिनोन्महिने वाळवता, मग कापता, मग दांडी, मग पडदे, मग जवारी काढायला अजून वेळ, आणि एवढं झाल्यावर माणूस ती सतार घेऊन बसला की आधी पाऊण तास आलाप. तिथं कुणी विचारतं का की तबला झोपला का? मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्येच जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्याच वर्षातलं हे गाणं आहे, म्हणजे एका अर्थानं बॅचमेट.

द क्युअर हा इंग्लंडचा बँड, सत्तरच्या दशकाच्या शेवटापासनं वाजवतोय. त्यांचं नवीन गाणं यायला सोळा वर्षं लागली, २००८ नंतर थेट सप्टेंबर २०२४. सोळा वर्षं थांबलेल्या माणसाला तीन मिनिटं तर द्याल? जवळजवळ सात मिनिटांचं गाणं आहे, निम्म्यापर्यंत नुसते ड्रम, गिटार आणि भरून आलेल्या आभाळासारखा कीबोर्ड, आणि मग गायक रॉबर्ट स्मिथ येतो, तेव्हा वय पासष्ट, आवाज मात्र जुनाच. तो जे म्हणतो ते संपण्याबद्दल आहे, मैफल उठली, गडी गेले, उरलेलं पेल्याच्या तळाशी. ती सुरुवात त्यानं अर्नेस्ट डाउसन या जुन्या इंग्रज कवीच्या कवितेवरनं घेतलीय.

एक करा. उरुसाच्या वेळी ख्वाजा शमना मिरासाहेब दर्ग्यात संगीत सभा असते, अब्दुल करीम खाँसाहेबांना हजेरी म्हणून कलाकार गातात, तिथनं मध्यरात्री घरी येताना हे ऐका. दिवसा दुकानात ऐकू नका, तिथं तुमच्या कानशीच्या आवाजात ते मरणारच. आणि हो, माझ्या स्टँडच्या कसोटीत हे गाणं सपशेल नापास आहे, मला माहितीय. तरी चौथं आहे. नियम माझा, मोडणारा पण मीच.

प्रश्न : होस्टेलला असताना २००३ साली लिंकिन पार्क ऐकून मोठा झालोय. चेस्टर गेल्यावर दुसऱ्या कुणाला उभं करणं मला पटलं नाही. तुम्ही ते गाणं यादीत घातलंच कसं? आणि एकूण रॉक संपलाय असं नाही वाटत? (४१, सातारा)

तुमचं दुखणं मला कळतं, माझ्या पण डोक्यात तो एकच आवाज आहे. त्या बँडचा गायक चेस्टर बेनिंग्टन जुलै २०१७ ला गेला. सात वर्षं बँड गप्प होता म्हटलं तरी चालेल. मग ५ सप्टेंबर २०२४ ला 'द एम्प्टिनेस मशीन' आलं, एमिली आर्मस्ट्राँग ही नवी गायिका. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा बंद करायला बोट तयार ठेवलेलं. पण त्यांनी एक शहाणपणा केलाय, गाणं माइक शिनोडा सुरू करतो, जुना ओळखीचा आवाज, पाहुण्याला दारापर्यंत घेऊन येतो तसा, आणि मग ती येते. चेस्टरची नक्कल करत नाही ती. तिचा आवाज फाटतो तो तिच्याच पद्धतीनं फाटतो. आपल्या सांगलीनं १८४३ पासून नाटकं बघितलीत, एक नट गेला म्हणून भूमिका पुरून टाकत नाहीत, दुसरा उभा राहतो आणि लोक तिकीट काढून कुरकुरत बघतात, तशी कुरकुर करा की, पण बघा तरी. बाराव्या नंबरला ठेवलंय, माझी पण कुरकुर त्यात आहे.

रॉक संपला नाही, पेठ बदलली. 'स्टारबर्स्टर' ऐका. फाँटेन्स डी.सी. हा आयर्लंडमधला बँड. त्यांच्या गायकाला लंडनच्या सेंट पॅंक्रस स्टेशनवर पॅनिक अटॅक आला, छाती भरून येणं, श्वास न मिळणं, आणि त्यातनं हे गाणं आलं. दर थोड्या वेळानं तो धापेसारखा मोठ्यानं श्वास आत ओढतो आणि तो श्वासच ठेक्याचा भाग आहे. ज्याला हे कधी झालंय त्याला पहिल्या ओढीला कळतं. मला झालंय, साताऱ्याच्या पोवई नाक्यावरच, गाडी बाजूला लावून वीस मिनिटं बसून होतो, वाटलं हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले हार्ट ठणठणीत आहे, झोपा जरा. तुम्हाला तसलं काही होत असेल तर गाण्यावर भागवू नका, दाखवून या.

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, दिवसभर आपातू आपातू करत उड्या मारतो. शेजारीण म्हणाली ते दारूचं गाणं आहे. बंद करू का? (विश्रामबाग, सांगली)

शेजारीण निम्मी बरोबर आहे. ते यादीतलं 'एपीटी', आणि आपातू म्हणजे कोरियन भाषेत अपार्टमेंट, इंग्रजी शब्दच, त्यांनी आपल्या जिभेला सोयीचा करून घेतलाय, जसं आपण टेसन म्हणतो. तिकडं मित्रमंडळी बसली की खेळतात तो हा खेळ. सगळ्यांनी हात एकावर एक रचायचे, बिल्डिंगचे मजले समजा, कुणीतरी आकडा सांगायचा आणि खालचा हात काढून वर ठेवत मोजत जायचं, त्या आकड्याला ज्याचा हात आला त्यानं प्यायचं. म्हणजे आपलं अटक मटक चवळी चटक, फक्त शेवट वेगळा. मुलाला कोकम सरबतावर खेळू द्या ताई. रोझे ही ब्लॅकपिंक या कोरियन मुलींच्या बँडमधली, जन्म न्यूझीलंडचा, वाढली ऑस्ट्रेलियात, तिनं हा खेळ गाण्यात घातला आणि ऑक्टोबर २०२४ पासनं जगभरातल्या आया हैराण आहेत. तेरावा नंबर दिलाय तो गाणं वाईट म्हणून नाही, डोक्यातनं जात नाही म्हणून.

प्रश्न : माझी आणि माझ्या मैत्रिणीची सतत तुलना होते, आता आम्ही बोलत नाही. तुम्ही लिहिलेलं 'गर्ल, सो कन्फ्युजिंग' तिला पाठवू का? (वाई)

पाठवा, पण अगोदर कुठलं पाठवायचं ते बघा, कारण ती दोन आहेत. चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' अल्बम ७ जून २०२४ ला आला, त्यात ती एका गायिकेबद्दल म्हणते की लोक आम्हाला सारखं समजतात, आमचं जमतं की नाही तेच मला कळत नाही, तिला माझा राग आहे का. नाव घेतलं नव्हतं. दोन आठवड्यांनी, २१ जूनला, त्याच गाण्याची दुसरी आवृत्ती आली आणि त्यात लॉर्ड, म्हणजे लोकांना जिचा संशय होता तीच, स्वतः उत्तर द्यायला हजर. ती सांगते की मी तुला टाळत होते कारण माझंच माझ्या शरीराशी भांडण चाललेलं, फोटोत यायची भीती वाटायची. गॉसिपची सोय झालेली, त्याऐवजी दोघींनी गाण्यातच मिटवलं. तुम्ही ही दुसरी पाठवा. आणि गाणं पाठवून बसू नका, पाठोपाठ फोन करा.

प्रश्न : मी ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतो, चार बॉक्स बसवलेत. तुमच्यातलं कुठलं वाजवू? (पलूसकडचा)

'अ बार साँग'. शबूझी हा व्हर्जिनियाचा, आईवडील नायजेरियाचे, आणि गातो काय तर अमेरिकेतलं शेतकरी-ट्रकवाल्यांचं कंट्री संगीत, त्यात २००४ चं एक रॅप गाणं मिसळून. कामाचा ताण, महागाई, बायकोची मागणी, चला बसायला, एवढाच विषय. बिलबोर्डला १९ आठवडे एक नंबरला राहिलं, एवढे आठवडे राहण्याचा विक्रम त्याआधी फक्त एका गाण्याचा होता, २०१९ मधला. तुझ्या हंगामाएवढंच टिकलं म्हण की. टाळ्या आणि पाय आपटायचा ठेका आहे, ट्रॉलीच्या खडखडाटात मिसळून जातो. गाणं वाजव, ते गाण्यातलं बसायचं मात्र ट्रॅक्टर लावल्यावर. आणि रात्री आवाज एवढा ठेवू नको की मागच्याचा हॉर्न ऐकू येत नाही, ट्रॉलीला रिफ्लेक्टर आहेत का ते पण बघ.

प्रश्न : तेरातली अकरा परदेशी नाहीतर इंग्रजी. मराठीत काय दुष्काळ पडलाय काय? आणि जी दोन घेतली ती आमच्या गल्लीत डॉल्बीवर वाजून वाजून डोकं उठलं. (गावभाग, सांगली)

दुष्काळ नाही, उलट २०२४ मध्ये मराठीला पाऊस पडला. 'गुलाबी साडी' वर्षाच्या सुरुवातीला आलं, जळगाव जिल्ह्यातला पोरगा, सिनेमा नाही, आणि ज्यांना मराठी येत नाही ते पण नाचले. मला त्यात आवडतं ते तिची तक्रार करायची पद्धत, फोटो काढ म्हणून मागं लागलेली बाई आणि तिच्या प्रेमात पडलेला वैतागलेला गडी. हे प्रत्येक लग्नाच्या हॉलबाहेर बघायला मिळतं. 'तांबडी चामडी' वेगळं, क्रेटेक्स पुण्याचा डीजे, त्यानं हाऊस म्युझिकवर मराठी शब्द बसवले आणि नेदरलँड्सच्या नावाजलेल्या डान्स लेबलनं ते काढलं. शब्दांना काही अर्थ आहे का, फारसा नाही, पण मराठीतले ट, ड, ठ, ब ठेक्यावर असे वाजतात की ढोलाची गरज नाही, आणि ही गोष्ट आपल्या आधी एका डीजेच्या लक्षात आली.

डॉल्बीबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा २००० च्या नियमात आहे, कोण बघतंय. डॉल्बीच्या भिंतीवर कुठलंच गाणं ऐकू येत नाही, नुसत्या खिडक्या ऐकू येतात. गाण्याचा दोष नाही तो.

प्रश्न : टेलर स्विफ्ट नाही?? (तीन वेगवेगळ्या पोरींनी विचारलं, विटा, जत आणि सांगली)

नाही. 'फोर्टनाइट' चार वेळा ऐकलं, चारही वेळा मधेच चहा ठेवायला उठलो. चहावरनं आठवलं, सॅब्रिनाचं 'एस्प्रेसो' कॉफीबद्दल नाही हे दोघांना सांगायचं राहिलंय, ती म्हणतेय की माझ्यामुळं त्याची झोप उडालीय. २०२४ मध्ये स्पॉटिफायवर जगात सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं तेच. तीन मिनिटं पण नाही, आणि एक पण ओळ वाया नाही.

प्रश्न : एप्रिलमध्ये माझं लग्न आहे. 'बर्ड्स ऑफ अ फेदर'वर एंट्री घ्यायची ठरलंय. कसं वाटतं? (तासगाव रोडचा नवरदेव)

अभिनंदन. गाणं सुंदर आहे, बिली आणि तिचा भाऊ फिनियस दोघांनी केलंय, सुरावट अशी की उन्हात चादर वाळत घातल्यासारखी. पण शब्द वाचलेस का? पहिल्याच ओळींत थडगं, पुरणं, शवपेटी. मरेपर्यंत बरोबर राहू हे फार खोलात जाऊन सांगितलंय. तुझ्या सासरचं कुणी इंग्रजीचे प्राध्यापक असतील तर अक्षता हातातच राहतील. मग तू म्हणशील लेडी गागा आणि ब्रुनोचं 'डाय विथ अ स्माइल' लावतो, तर ते पण मरणाचंच, जग संपतंय आणि तुझ्याशेजारी असावं म्हणे. २०२४ मध्ये इंग्रजी पॉपला मेल्याशिवाय प्रेमच जमेना. एंट्रीला सनई लाव, आणि जेवणं झाल्यावर 'गुलाबी साडी', मावश्या वाट बघत असतील.

प्रश्न : तुम्ही पूर्वी हरभट रोडला कॅसेटी भरून द्यायचात ना? माझ्याकडे तुम्ही भरलेल्या दोन अजून आहेत. डेक चालू आहे. मोबाईलवर मला जमत नाही. ही तेरा गाणी भरून मिळतील काय? (हरिपूर)

काकू, तुमचं अक्षर ओळखलं मी, तुम्ही फर्माइशी चौकटीच्या कागदावर लिहून आणायचात. माझ्याकडच्या कॅसेटी २०१९ च्या पुरात गेल्या, कपाटातला खालचा कप्पा होता, चिखल धुऊन फिती उन्हात घातल्या पण वाजल्या नाहीत. डेक माळ्यावर होता म्हणून वाचला. एक कोरी नव्वदची मिळालीय, जुन्या दुकानाच्या मालकाकडं पडून होती.

हिशोब करून बघितला. एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. तेराही गाणी धरली तर सत्तेचाळीसच्या आसपास जातात, म्हणजे शेवटचं मधेच तुटणार, आणि तुटलेलं गाणं मी तेव्हाही कधी दिलं नाही. म्हणून बारा पहिल्या बाजूला, केंड्रिकची शिव्यांची आवृत्ती नाही, साफ केलेली. 'अलोन' मागच्या बाजूला एकटंच. त्याच्यानंतर अडतीस मिनिटं कोरी राहतील, ती मी भरत नाही. पुढच्या रविवारी संगमावर येतोय, घेऊन येतो, तुम्ही डेकचं हेड तेवढं स्पिरिटनं पुसून ठेवा.